साहेबांनी कुठलं बटण दाबलं

९ ऑगस्ट, सकाळी ६.१०
आजपासून रोजनिशी. मोठ्या माणसांची चरित्रं पुढे भलतेच लोक लिहितात आणि पार वाट लावतात. त्यापेक्षा आपण आपल्या नोंदी ठेवलेल्या बऱ्या. वही कपाटात, जुन्या स्वेटरांच्या खाली. बायकोच्या हाती लागता कामा नये.

थोडक्यात परिचय. मी मोठ्या धुलाई कारखान्यात सुपरवायझर. शहरभरच्या हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी आमच्याकडे मळक्या येतात, कडक होऊन जातात. इस्त्री खात्यातल्या चौतीस बायका माझ्या हाताखाली. म्हणजे मी कामगार नव्हे. हा फरक लग्नाला अकरा वर्षं होऊनही बायकोला समजलेला नाही. ती औषधांच्या कारखान्यात गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यात भरते, त्यामुळे विचारांची झेपही खोक्याएवढीच. एक मुलगी, चिंगी. वय तीन. माझ्यावर गेली आहे. सतत बोलते.

पण हे सगळं पोटापुरतं. माझं खरं कार्य म्हणजे मी आमच्या आमदारसाहेबांचा अनधिकृत सल्लागार आहे. अनधिकृत म्हणजे साहेबांना अजून कल्पना नाही.

निवडणूक नोव्हेंबरात.

११ ऑगस्ट, दुपारची सुट्टी
डोकं फिरलं आहे. डबा खाताना आक्काने छेडलं. आक्का म्हणजे इस्त्री खात्यातली सगळ्यात जुनी बाई आणि युनियनची पुढारीण. सत्तावीस वर्षं वाफेच्या रोलरवर, तरी वाफ अजून तोंडातूनच जास्त निघते. म्हणाली, तुमचे साहेब पाच वर्षं सभागृहात बसले. आमच्यासारख्यांचा प्रश्न आला तेव्हा कुठलं बटण दाबलं, एवढं सांगा. भाषणं नकोत, भाषणं आम्हाला पाठ आहेत. बटण सांगा.

मी म्हणालो, साहेब नेहमी आपल्याच बाजूने असतात.

ती म्हणाली, आपल्या म्हणजे नक्की कोणाच्या?

सगळ्याजणी हसल्या. या बायकांना कशालाही हसू येतं. चादर उलटी घडी झाली तरी हसतात. मी शांतपणे सांगितलं, लेखी देतो. एकेक मत, तारखेसकट. पुस्तक छापून प्रत्येकीच्या हातात देतो.

आक्का म्हणाली, द्याच.

तिच्या आवाजातली भीती माझ्या लक्षात आली.

१२ ऑगस्ट, सकाळी ५.४५
संकल्प:
रोज पाचला उठणे. (आज पावणेसहा. उद्यापासून.)
साहेबांचं पाच वर्षांचं मतदान गोळा करून पुस्तिका काढणे.
पुस्तिका साहेबांना भेट देणे. साहेब खूश. कामगार कल्याण समितीवर माझी नेमणूक. तिथून पुढे बघू.

साहेबांचा माझ्यावर जीव आहेच. कारखान्याच्या वर्धापनदिनाला आले होते तेव्हा चालता चालता त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. चांगला घट्ट. फरशी ओली होती, घसरले म्हणून धरलं, असं आक्का म्हणते. जळतात लोक.

१७ ऑगस्ट, दुपारी ३
सुट्टीचा दिवस. सभागृहाच्या ग्रंथालयात गेलो. मतदानाच्या नोंदी तळघरात असतात. तिथे एक कारकून, कानावर पेन्सिल, समोर शेंगदाण्यांची पुडी. सरकारी नोकर म्हणजे काय ते पाच मिनिटांत समजलं. मला म्हणतो, कोणी पाठवलं? मी म्हणालो, मीच मला पाठवलं. तो म्हणाला, साहेब लोकांची भाषणं मागायला येतात माणसं, फोटो मागायला येतात. मतं मागायला बावीस वर्षांत तुम्ही दुसरे.

मग उठून त्याने स्टूल पुसून दिलं. माझ्या व्यक्तिमत्त्वाचा परिणाम.

कामगार, पगार, रजा, मुलंबाळं अशा विषयांची तेवीस विधेयकं निघाली. आज नऊ उतरवली. विरोधात सहा, गैरहजर तीन. सुरुवात जरा संथ आहे. पुढे साहेब वेग घेतील.

२४ ऑगस्ट, संध्याकाळी
उरलेली चौदा झाली. एकूण तेवीस. विरोधात तेरा. गैरहजर सात. बाजूने तीन.

कारकून वही बघून म्हणाला, तुमचे साहेब सातत्याचे आहेत. बघा, सरकारी माणसालासुद्धा जाणवलं.

आठवड्याची सुट्टी कंत्राटी कामगारांनाही द्यावी: विरोधात. कामाची पाळी पंधरा दिवस आधी कळवावी: विरोधात. रसायनात हात घालणाऱ्यांना हातमोजे कंपनीने पुरवावेत: विरोधात. कामावर जखमी झालेल्यांची भरपाई: गैरहजर. (त्या दिवशी एका मोठ्या हॉटेलाचं उद्घाटन होतं. त्यांच्या चादरी आमच्याकडेच येतात. म्हणजे साहेब आपल्याच कामासाठी गेले होते.)

बाजूने: पाळणाघरांच्या कायद्यात दुरुस्ती. सुपरवायझरांच्या व्याख्येत दुरुस्ती. आमदारांच्या निवृत्तिवेतनात वाढ. आमदार हेही कष्टकरीच की.

२५ ऑगस्ट, सकाळी ६.३०
घाबरण्यासारखं काही नाही. मांडणीचा प्रश्न आहे. प्रत्येक मताला एक गुण जोडायचा. विरोधात म्हणजे धैर्य. गैरहजर म्हणजे दूरदृष्टी. बाजूने म्हणजे औदार्य. शेवटी एक रकाना: कामगार कुटुंबाला फायदा. हातमोज्यांसमोर लिहिलं, हाताला कामाचा थेट स्पर्श.

बायकोला वाचून दाखवलं. ती पोळपाट धूत होती. म्हणाली, अहो, तुम्हाला बरं वाटतंय ना?

पुस्तिकेचं नाव: ठाम.

१ सप्टेंबर, संध्याकाळी ८.१५
ऐतिहासिक दिवस!! सुपरवायझरांची दुरुस्ती लागू झाली. मॅनेजरांनी केबिनमध्ये बोलावून सांगितलं, आजपासून कायद्याने तुम्ही व्यवस्थापनात. नवा निळा बॅज दिला. व्यवस्थापनात असल्यामुळे ओव्हरटाइम मिळणार नाही आणि युनियनमध्ये जाता येणार नाही. मी म्हणालो, जायचंय कोणाला?

साहेबांनी बाजूने दाबलेलं बटण थेट माझ्या खिशावर येऊन लागलं. बॅज खिशावर लावतात म्हणून म्हटलं.

पहिल्याच दिवशी दोन तास जास्त थांबलो. व्यवस्थापन घड्याळ बघत नाही. बायको म्हणाली, या दोन तासांचं काय मिळालं? तिला म्हटलं, दर्जा.

३ सप्टेंबर
मॅनेजरांनी इस्त्री खात्यातल्या चौतीसजणींना निळे बॅज दिले. सगळ्या सुपरवायझर. एकीची सुपरवायझर दुसरी, दुसरीची तिसरी. ओव्हरटाइम कोणालाच नाही. युनियन एका सकाळीत संपली.

मी केबिनमध्ये जाऊन विचारलं, मग माझ्या हाताखाली कोण? मॅनेजर म्हणाले, तेच बघतोय.

आक्काने बॅज पदराला लावला नाही, रोलरच्या हँडलला अडकवला. म्हणाली, खरं काम हाच करतो, यालाच सुपरवायझर करा.

४ सप्टेंबर
अर्ज करून मागणी केली. माझं पद यापुढे मुख्य सुपरवायझर. बॅज तोच. मुख्य हा शब्द मी पेनने लिहिला. घामाने पुसला जातो. रोज लिहावा लागेल.

१० सप्टेंबर, संध्याकाळी
बायको कामावरून आली. मग म्हणाली, आमचं पाळणाघर बंद. पूर्वी पन्नास कामगार असले की कंपनीला पाळणाघर ठेवावं लागायचं, आता दोनशेची अट. आम्ही एकशे सत्तर. सोमवारपासून खोलीत खोकी ठेवणार.

चिंगी तिथेच वाढली. तिथल्या बाईंना ती माझ्यापेक्षा जास्त ओळखते. तिची एक उशी होती तिथे. बायको ती घेऊन आली आहे.

बायकोने विचारलं, ही तुमची पान अकरावरची दुरुस्ती ना? नवल आहे, तिने पान लक्षात ठेवलं. मी समजावलं की व्यापक दृष्टीने पाहावं लागतं. ती म्हणाली, व्यापक सोमवारी किती वाजता येणार चिंगीला सांभाळायला?

पान अकरावरचा रकाना असा भरला आहे: मुलांना आईवडिलांचा अधिक सहवास. तसाच ठेवतो आहे. उलट आता प्रत्यक्ष पुरावा आहे.

११ सप्टेंबर, सकाळी ५.५०
वेळापत्रक तयार केलं. रंगीत. बायकोची पाळी सकाळची असेल तेव्हा मी दुपारची घेणार. तिची दुपारची, तर मी सकाळची. मधल्या पाऊण तासात मूल हातोहात. रिले शर्यतीसारखं. इतकी साधी गोष्ट लोकांना जमत नाही आणि सरकारच्या नावाने बोंबलतात.

१३ सप्टेंबर
बायकोची पाळी आदल्या संध्याकाळी कळते. माझीही. दोघांचीही सकाळची निघाली. वेळापत्रक भिंतीवरून काढलं. चिंगीने त्याच्या मागे हत्ती काढला आहे.

(पाळी पंधरा दिवस आधी कळवावी: विरोधात. पान चार. योगायोग.)

१५ सप्टेंबर, दुपारी
चिंगीला कारखान्यात घेऊन गेलो. नाइलाज. मुख्य सुपरवायझरच्या टेबलाखाली बसवणार होतो. पाच मिनिटांत पसार. शोधली तर आक्काजवळ. आक्काने चाकांच्या मोठ्या टोपलीत नुकत्या निघालेल्या गरम चादरी टाकल्या होत्या आणि त्यात चिंगी बसून सगळ्यांना हुकूम सोडत होती. येणारी जाणारी प्रत्येक बाई टोपली थोडी पुढे ढकलायची. अशी दिवसभर खातंभर फिरली. चादरीचं एक टोक धरून घडी घालायला शिकली. माझ्यापेक्षा सरळ घालते, असं एकीने मला तोंडावर सांगितलं.

शिस्त बिघडते. मी आक्काला म्हणालो, उपकार नकोत. ती म्हणाली, तुमच्यावर कोण करतंय?

१६ सप्टेंबर
मॅनेजरांनी मूल आणायला मनाई केली. लेखी. प्रत चौतीस सुपरवायझरांना.

२० सप्टेंबर
उपाय सापडला. शेजारचे काका. निवृत्त, घरीच असतात, चिंगीला आवडतात. कान थोडे अधू. रेडिओ मोठा लावून त्याच्यासमोर झोपतात. बायको नको म्हणाली. मी म्हणालो, तू नकारात्मक आहेस. तिने दोन दिवस बिनपगारी रजा घेतली. कंपनीने सांगितलं, तिसऱ्या दिवशी आला नाहीत तर कायमच्याच येऊ नका.

तेव्हा काका.

२८ सप्टेंबर, दुपारी ४.३०
सापडली.

२९ सप्टेंबर, सकाळी
नोंद करणं कर्तव्य आहे म्हणून करतो.

काल माझी सुट्टी होती. चिंगी माझ्याकडे. अकराला छापखान्यातून निरोप, प्रूफ तयार आहे, आत्ता बघा नाहीतर आठवडा जाईल. दहा मिनिटांचं काम म्हणून तिला काकांकडे ठेवलं. प्रूफात चुका फार. दूरदृष्टीचं दुरदृष्टी केलेलं, सातही ठिकाणी. पावणेदोन तास गेले. परत आलो तर रेडिओ चालू, काका घोरताहेत, दार उघडं.

रस्त्यावर धावलो. दुकानं, जिने, मागची मोरी, पाण्याच्या टाकीचं झाकण. टाकीचं झाकण दोनदा उचलून पाहिलं. बायकोच्या कारखान्यात फोन केला. पाळी संपेपर्यंत निरोप देत नाहीत. मुलगी हरवली म्हटल्यावर दिला.

चौदा नंबरच्या बसमध्ये सापडली. एका बाईच्या मागोमाग चढली, ती बाई उतरून गेली, ही खिडकीशी बसून राहिली. शेवटच्या थांब्यावर कंडक्टरने विचारलं, कुठे जायचंय? म्हणाली, पाळणाघरात.

कंडक्टरने तिला डेपोत आपल्या टेबलावर बसवून ठेवलं होतं. तिने त्याची तिकिटं फाडली होती. तो रागावला नाही. माझ्याकडे मात्र बराच वेळ नुसता बघत राहिला. मी बॅज झाकला. का, ते माहीत नाही.

बायको अजून बोललेली नाही. चूक काकांची आहे.

प्रूफ ठीक आहे. पान अकरा तसंच.

८ ऑक्टोबर
पुस्तिका आली. हजार प्रती. माझ्या बचतीतून. देखणी. मुखपृष्ठावर साहेब, वळलेली मूठ. आत तेवीस मतं, तारखा, विधेयकाचं नाव, साहेबांनी काय दाबलं, सगळं चोख. कारकुनाने फोनवर दोन तारखा दुरुस्त करून दिल्या होत्या. चुकीला जागाच नाही.

चौतीस प्रती वाटल्या. आक्काला स्वतः दिली. हातात घेऊन तिने वजन केल्यासारखं केलं. म्हणाली, केलंत की खरंच.

९ ऑक्टोबर
पाच हजार चादरी पडून राहिल्या. सगळ्या वाचत होत्या.

१० ऑक्टोबर, दुपारची सुट्टी
आक्काने पुस्तिका मोठ्याने वाचली. पहिल्या पानापासून. धुलाई खात्यातले पुरुषही आले, भट्टीवालेसुद्धा. मला वाटलं हसतील. कोणी हसलं नाही. हातमोज्यांच्या पानाला एकीने हात दाखवला, रसायनाने सोललेला. दुसरीने विचारलं, जखमींच्या भरपाईला कोण गैरहजर होतं, परत वाचा. तिच्या नवऱ्याची बोटं आमच्याच पिळण्याच्या मशीनमध्ये गेली. ते मला माहीत होतं. अपघाताची तारीख त्या मताच्या तारखेशी जुळेल हे माहीत नव्हतं.

पान अकराला आक्का थांबली. माझ्याकडे पाहिलं आणि ते पान न वाचता उलटलं. एवढा आगाऊपणा मला आवडला नाही. वाचायला हवं होतं.

शेवटी म्हणाली, पाच वर्षं आम्ही नुसत्या बोंबलत होतो. हे काम कोणी केलं नव्हतं. तुम्ही केलंत. आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी.

संध्याकाळी बघितलं तर प्रत्येक प्रतीतला शेवटचा रकाना काळ्या मार्करने मारलेला. बाकी सगळं जसंच्या तसं.

१५ ऑक्टोबर
प्रचंड मागणी! बाटल्यांच्या कारखान्यातून दोनशे प्रती मागितल्या. बसडेपोतून शंभर. बायकोच्या कारखान्यात तर बायका हाताने उतरवून घेताहेत. साहेबांची लोकप्रियता कळसाला पोचली आहे. उरलेल्या सगळ्या प्रती दिल्या. दुसरी आवृत्ती काढावी का, असं बायकोला विचारलं.

पंधरा दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याशी नीट बोलली. म्हणाली, काढा. फक्त तो रकाना छापू नका, शाई वाचेल.

२२ ऑक्टोबर, सकाळी ९
साहेबांच्या कार्यालयातून फोन!!! स्वीय सहायक स्वतः. पुस्तिका तुम्हीच काढली का? होय म्हटलं. उद्या अकराला या. आवाज गंभीर होता. नेमणुकीच्या वेळी असतोच.

पांढरा शर्ट कडक करून आणला. समितीवर गेलो तरी जुन्या सहकाऱ्यांना विसरायचं नाही, असा संकल्प. आक्कालासुद्धा ओळख दाखवायची.

२३ ऑक्टोबर, संध्याकाळी ५
अकराला पोचलो. अडीचला आत घेतलं. साहेब जेवून आले होते. टेबलावर पुस्तिका, मार्करवाली.

साहेबांनी विचारलं, समोरच्या उमेदवाराकडून किती घेतलेस? मी सांगितलं, एक पैसा नाही, हे कौतुक आहे. धैर्य, दूरदृष्टी, औदार्य. साहेबांनी सहायकाकडे बघितलं. सहायक म्हणाला, वेडा दिसतोय, साहेब.

मग साहेबांनी पानं चाळली. पहिल्यांदाच चाळत होते हे दिसत होतं. सात आठ पानांनंतर सहायकाला म्हणाले, हे सगळं मी केलं? सहायक म्हणाला, हो, साहेब. साहेब हसले. म्हणाले, मी आपला पुढच्या बाकावरच्यांचा अंगठा बघतो. ते जे दाबतात ते आपण दाबायचं. विधेयक कोण वाचतं?

मी म्हणालो, पान अकरा, साहेब. सतरा मार्च. पाळणाघर.

ते म्हणाले, कसलं पाळणाघर? मग एकदम आठवलं त्यांना. म्हणाले, हां, तो दिवस. एकला जेवण होतं, चर्चा संपेना, मग सगळ्यांनी पटापट दाबलं आणि उठलो. जेवण झकास होतं.

पुढे काय झालं ते नीट आठवत नाही. वर्धापनदिनाची ओळख द्यायचं राहून गेलं. सहायकाने दारापर्यंत आणून सोडलं आणि सांगितलं, आणखी एक प्रत दिसली तर कारखान्याच्या मालकांना फोन जाईल. मालक आपले आहेत.

साहेब मोकळ्या मनाचे आहेत. इतकं खरं कोण बोलतं?

परत येताना चौदा नंबरची बस मिळाली. खिडकीशी जागा होती. उभाच राहिलो.

२६ ऑक्टोबर
दुसरी आवृत्ती छापायला टाकली. कारण एवढंच की छापखानेवाल्याला शब्द दिला होता. शेवटचा रकाना काढला. बायको म्हणाली त्याप्रमाणे शाईचा मुद्दा आहे.

साहेबांवरची निष्ठा तसूभर कमी झालेली नाही.

२ नोव्हेंबर
मॅनेजरांनी बोलावून मुख्य हा शब्द पुसायला सांगितला. ओल्या फडक्याने, त्यांच्यासमोर. वरून फोन आला होता म्हणे. मी म्हणालो, ठीक, तसाही पुसलाच जायचा.

आता पस्तीस सुपरवायझर.

९ नोव्हेंबर, दुपारी
आक्काने चिंगीची व्यवस्था लावली. आमच्या वसाहतीतल्या सहा बायका, पाळीपाळीने, कोणाची सुट्टी असेल तिच्या घरी मुलं. अकरा मुलं आहेत. यादी दारावर लावली. माझंही नाव टाकलं आहे, गुरुवारी, हल्ली माझी सुट्टी असते त्या दिवशी. विचारलंसुद्धा नाही. मी म्हणालो, अकरा मुलं मला जमणार नाहीत. आक्का म्हणाली, चौतीस बायका सांभाळत होतात ना?

१२ नोव्हेंबर, गुरुवार
अकरा मुलं. लिहायला त्राण नाही.

१६ नोव्हेंबर, सकाळी ११
मतदान केलं. वसाहतीतल्या शाळेत आमचा बूथ. रांगेत पुढे आक्का, मागे बायको, तिच्या कडेवर चिंगी.

आत पुठ्ठ्याचा आडोसा, त्यामागे मशीन. साहेबांचं नाव पहिलंच होतं, बोटाशीच. तिथे जरा वेळ लागला. अधिकाऱ्याने विचारलं, काही अडचण? मी म्हणालो, वाचतोय. तो म्हणाला, सहाच नावं आहेत हो. मी म्हणालो, विधेयकं कोणी वाचत नाही, निदान नावं तरी वाचू द्या. मग दाबलं.

मत गुप्त असतं. कायदाच आहे. म्हणून या वहीतही लिहीत नाही. बाहेर आल्यावर बायकोने विचारलं नाही. मी सांगितलं नाही. तसंही माझी निष्ठा जगजाहीर आहे.

१९ नोव्हेंबर, संध्याकाळी ६
साहेब पडले. एकशे नव्वद मतांनी.

दिवसभर कारखान्यात कोणी काम केलं नाही आणि कोणी ओरडलंही नाही. रेडिओवर सांगितलं, साहेबांनी जनतेचा कौल नम्रपणे स्वीकारला. त्यानंतर पाचच मिनिटांनी सांगितलं, एका मोठ्या हॉटेल कंपनीने त्यांना सल्लागार म्हणून घेतलं. अधिकृत.

एकशे नव्वद मतं कुठे कमी पडली याचा मी अभ्यास करणार आहे. माझा संबंध नाही.

२० नोव्हेंबर, सकाळी ७.२०
शाळेच्या फाटकावर बूथचा आकडेवार निकाल लावला आहे. कामावर जाताना सगळी वसाहत तिथे थांबली होती. मीही गेलो. एक साहेबनिष्ठ या नात्याने जाणं भाग होतं. आमच्या बूथवर एकशे अठरा मतं पडली. साहेबांच्या खात्यात किमान एक दिसणार आणि ते कोणाचं हे सगळ्यांना कळणार, याची मानसिक तयारी ठेवली होती. त्यावर द्यायचं उत्तरही पाठ केलं होतं.

आक्काने नावावर बोट ठेवलं आणि आडवं सरकवत नेलं. मग परत पहिल्यापासून सरकवत नेलं.

शून्य.

सगळ्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. आता हसतील असं वाटलं. कोणी हसलं नाही. बायको मात्र चिंगीची टोपी नीट करत राहिली, चांगली नीट असलेली. आक्का म्हणाली, चला, रोलर तापले असतील. आणि चालताना माझ्या बाजूने चालली.

मशीनमध्ये बिघाड असणार. एक मत असायलाच हवं होतं. निवडणूक कार्यालयात लेखी तक्रार करणार आहे. मसुदा डोक्यात तयार आहे, शब्द न् शब्द. फक्त खाली सही कोणी करायची, ते ठरत नाहीये.